भुरीचा शेजार

आमच्या गावात लग्न कोणाच्याही घरचं असो, पंगत बसवायची ती उदेलालने. नवरदेवाचं पाऊल मांडवात पडायच्या आधी लोक विचारत, "उदेलाल आला का?" तो आला की स्वयंपाकाच्या बाजूला सगळं शांत होई. सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळणारीचा हात सावकाश चालू लागे, भात उपसणारा घाई सोडून देई.

उदेलाल रहांगडाले काही पाटील नव्हता की सरपंच नव्हता. तलावाचं पाणी दुसऱ्यांच्या बांध्यांत, भाताच्या वाफ्यांत, जिरत जिरत जिथे शेवटाला पोचतं, तिथे त्याची थोडी धानाची शेती. अंगाने उंच, मानेत किंचित वाकलेला, बोलायला हळू. पण भाताची टोपली कमरेला लावून तो पंगतीच्या तोंडाशी उभा राहिला की तिरोड्याचे मोठे व्यापारीसुद्धा तो सांगेल तिथे मुकाट्याने मांडी घालत.

लोकांना ओळीने खाली बसवलं म्हणजे पंगत बसली, असं त्याला कधी वाटलं नाही. तो म्हणे, माणूस किती जेवतो हे त्याच्या पोटावर नसतं, शेजाऱ्यावर असतं. भरभर जेवणाऱ्याच्या बाजूला म्हातारा बसवला तर म्हातारा अर्ध्या पोटी उठतो. शेजारची पत्रावळ रिकामी दिसली की त्याला आपल्या हळू जेवण्याची लाज वाटते. शेताच्या धुऱ्यावरून भांडलेले दोघे समोरासमोर आले तर दोघांनाही घास उतरत नाही. लेकरू आईजवळ रडतं, आजीजवळ जेवतं. नव्या सुनेच्या बाजूला अशी बाई बसवावी, जी स्वतःसाठी मागता मागता म्हणेल, "इकडे हिलेही वाढ ना गा." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वाकून वाढता वाढता त्याने ते पाहून घेतलं होतं.

आणि टाकलेलं अन्न त्याला बघवत नसे. १९९९ च्या उन्हाळ्यात गोंदियाच्या एका मोठ्या लग्नात त्याला मदतीला बोलावलं. तिथे पंगत नव्हतीच. लोक हातात ताट घेऊन उभे, चार घास खाऊन बाकीचं ड्रममध्ये. मांडव उठला तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत भाताचा ढीग ओतला गेला. उदेलाल तिथे उभा राहिला. थोड्या वेळाने नाल्याकडून डुकरं आली. त्यांनी तो ढीग असा साफ केला की जमिनीवर एक शीत उरलं नाही.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "त्या लग्नात पोटभर जेवले ते डुकरंच."

धनवंताबाई हसली. पण हे हसण्यावारी जाणार नव्हतं. दोन-तीन वर्षं तो विचार त्याच्या डोक्यात आंबत राहिला. मग त्याने शेताच्या कोपऱ्यात मातीच्या भिंतींचा कोठा उभा केला, आत खोल्या पाडल्या, सिमेंटच्या गव्हाणी बांधल्या आणि डुकरं आणली. राईस मिलमधला कोंडा, कनकी म्हणजे तांदळाचा चुरा, आणि लग्नमांडवांतलं उरलेलं अन्न मोठ्या गंजात उकळून तो त्यांना घालू लागला.

उदेलाल जातीने पवार, आणि पवाराच्या घरी डुकरं. हे आमच्या गावात आधी कधी झालं नव्हतं. त्याचा चुलतभाऊ भैय्यालाल चौकात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गा उदेलाल, आता पाहुण्याले पाटावर बसवून राहिला का चिखलात?"

"पाहुना कसा येते त्यावर आहे," उदेलाल म्हणाला. "तू आलास त चिखलात."

लोक हसले. वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता. पुढच्या लग्नात उदेलालने भाताच्या टोपलीला हात घातला, तेव्हा घरमालकाने ती अलगद त्याच्या हातातून घेतली. "उदेलालभाऊ, दरसाल तुमीच राबता. आज तुमी बसा. आरामानं जेवा." फार आदराने त्याला पहिल्या पंगतीत बसवलं. आमचा भाग बोलायला आडदांड. तोंडावर बोलायची आम्हाला लाज नाही. पण ते लोक त्या दिवशी इतकं गोड बोलले, त्यावरूनच उदेलालला सगळं कळलं. तो बसला, जेवला, हात धुऊन घरी आला. त्यानंतर प्रत्येक लग्नात त्याला तोच आदर मिळाला. टोपली मात्र त्याच्या हाताला पुन्हा कोणी लागू दिली नाही, आजतागायत.

धनवंताबाईचं मन मोठं, पण धर्म कडक. कोठ्यातून आल्यावर त्याने अंगणात आंघोळ केल्याशिवाय तिने त्याला चुलीकडे येऊ दिलं नाही. पाणी मात्र तीच तापवून ठेवी. कोठ्याकडे ती एकदाही फिरकली नाही. "तुमची पंगत तिकडे, माही इकडे," एवढंच म्हणे.

तर उदेलालला आता दुसरी पंगत मिळाली होती, आणि तीही चांगली चालली होती. आमच्याच काय, आजूबाजूच्या गावांतही लोक म्हणत, उदेलालची डुकरं गव्हाणीवर ओळीने उभी राहतात, जशी काही त्याने हात धरून बसवली आहेत. तो हे ऐके आणि खाली पाहून हसे. त्यालाही तसंच वाटत होतं.

त्या कोठ्यात एक मादी होती, भुरी नावाची. राखेच्या रंगाची, एक कान पडलेला. तिच्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतं. तिची पिल्लं ना मोठी ना बारीक, आपली मधली. ती गव्हाणीवर येत, खात, एकमेकांना टेकून झोपी जात. कधी कोणाच्या वाटेत नाहीत, कधी कोणाच्या तोंडी नाहीत. बाजारात गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाहायचंही नाही. गिऱ्हाईक पाहायचं त्यांच्या शेजारच्यांकडे, कारण त्यांच्या खोलीत राहणारी दुसरी पिल्लं चांगली भरत.

हे उदेलालला दिसायला हवं होतं. पंगतीत ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, त्याच्याकडे लक्ष असणारा हा माणूस. पण कोठ्यात त्याची नजर शेतकऱ्याची झाली. आमच्याकडे बाप पोराला बांधीत नेऊन शिकवतो, की बियाणं धरायचं ते ताज्या, म्हणजे जोमदार भरलेल्या लोंबीचं. सगळ्यांच्या वर डोकं काढून जी उभी असते, दाण्याने जी वाकते, ती बाजूला काढायची. उदेलालच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं. म्हणून जेव्हा कोठ्यासाठी नवा नर धरायची वेळ आली, तेव्हा त्याने भुरीच्या पिल्लांच्या खोलीत वाढलेला, दुसऱ्या मादीचा, सगळ्यात ताजा नर निवडला. छाती रुंद, मान जाड. गव्हाणीवर तो आला की जागा आपोआप रिकामी होई. त्याचं नाव ठेवलं राजा.

त्याच सुमाराला तिरोड्याजवळ वीजकेंद्राचं बांधकाम निघालं. कुठून कुठून मजूर आले. चिचगडकडची निर्मलाबाई सलामे आणि तिचा नवरा त्यांच्यातच आले आणि उदेलालच्या पडवीत भाड्याने राहिले. गोंडांच्या घरी डुकराचं कोणाला नवल नसतं. कामावर जायच्या आधी निर्मलाबाई आपणहून कोठा झाडून काढी आणि भुरीच्या पाठीवर खराटा फिरवी. भुरी डोळे मिटून उभी राही.

"भाऊ, ही तुमच्या कोठ्याची सासू आहे," ती एकदा म्हणाली.

"सासू? मग त भांडन व्हाले पाहिजे."

"सगळ्या सासवा तुमच्या पवाराइच्यासारख्या नसतात ना, भाऊ."

राजाची पिल्लं जन्मली, वाढली, आणि पहिल्या साली तर गाव पाहायला आलं. इतकी भरलेली पिल्लं कोणी पाहिली नव्हती. कोठा त्यांनीच भरायचा, असं उदेलालने ठरवलं. मधल्या अंगाच्या माद्या तो काढत गेला. २०१० मध्ये निर्मलाबाई नवऱ्यासोबत आपल्या गावी परत निघाली, तेव्हा त्याने तिला भुरीच देऊन टाकली. "घेऊन जा. म्हातारी होऊन राहिली. पिल्लंही काही ताजी निघत नाईत तिची."

निर्मलाबाई भुरीच्या गळ्यात दोरी बांधता बांधता म्हणाली, "मले काय, मी त आनंदानं नेतो. पन तुमी तिले एकटीलेच पाहिलं, भाऊ."

त्याला ते काही समजलं नाही. तिला गाडीत बसवून परत आला.

पुढे जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून लवकर दिसलं नाही. आधी गव्हाणीतला कोंडा बाहेर चिखलात सांडलेला दिसू लागला. मग शेपट्यांना जखमा. मग कान. खाणं घातलं की सगळीच्या सगळी एकदम तुटून पडत. जो पुढे घुसे तोही खात नसे, मागच्याला ढकलत राही. किंकाळ्या अशा की रस्त्यावरचा माणूस थांबून पाही. तेवढंच अन्न घालूनही डुकरं वाढेनात. जास्त घातलं, तर जास्त सांडलं. एका खोलीत दोन-तीन मोठी, बाकी सगळी हाडं. मोठीही राजासारखी नव्हतीच.

उदेलाल घाबरला नाही. त्याला वाटलं, पंगत चुकली आहे, नीट बसवू. त्याने मोठ्याजवळ मोठे ठेवले, बारक्याजवळ बारके. गव्हाणी लांब केल्या, मध्ये आडव्या विटा बसवल्या. एका आईची पिल्लं एकत्र ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस जरा बरं वाटे. मग बारक्यांतलाच एखादा उठे आणि राजासारखा छाती काढून शेजाऱ्याचा कान धरे.

२०११ च्या उन्हाळ्यात एकदा तो जेवायला बसला. धनवंताबाईने वाढलेलं तसंच पडून होतं. ती समोर बसून पाहत राहिली.

"अजी, काऊन जेवत नाई?"

"भूक नाई वो."

"भूक आहे. मी तुमाले कालपासून पाहून नाई राहिली." मग ती हळूच म्हणाली, "कोठ्यातला कल्ला तुमच्या ताटात येऊन राहिला. पंगत गेली, मी काई बोलली नाई. लोकाइनं पाठ फिरवली, मी बोलली नाई. पन तुमी उपाशी उठता, हे मी खपवून घेनार नाई. येती मंडई जाऊ द्या. तिच्या पुढच्या मंडईपर्यंत मी वाट पाहतो. तवाबी असाच कल्ला राहिला त कोठा मोडायचा. भिंती मी सोता पाडीन."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात. आमचा हिशेब एका मंडईपासून दुसऱ्या मंडईपर्यंतचा. धनवंताबाई बोलली ते करून दाखवणारी बाई होती, हे उदेलालला माहीत होतं. आणि कोठा गेला तर आपल्याजवळ कोणाला जेवू घालण्याचं काहीच उरणार नाही, हेही.

फाटलेला एक कान शिवायला तिरोड्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर गहाणे आले. टाके घालून झाल्यावर ते कोठ्याबाहेर बाजेवर चहा घेत बसले. भैय्यालालही आला, टोमणे मारायला का होईना, तो रोज येत असे.

डॉक्टर खोल्यांकडे पाहत म्हणाले, "ही सगळी राजाचीच?"

"हो जी. कोठ्यातला सगळ्यात ताजा तोच होता."

"ताजा होता खरा. मी पाहिलाय. पण तो वाढत होता तेव्हा त्याच्या खोलीत कोण होतं?"

उदेलालला आठवावं लागलं. "भुरीची पिल्लं होती."

"आणि आता या खोलीत?"

"राजाचीच."

भैय्यालाल मध्येच म्हणाला, "एवढा कायले विचार करता, डॉक्टरसाहेब? जुनी गोष्ट आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वान नाई पन गुन लागला. राजाच्या बाजूले राहून सगळे बिघडले. जसा हा डुकराच्या बाजूले राहून बिघडला."

"म्हण खरी आहे, भैय्यालालभाऊ," डॉक्टर हसून म्हणाले. "पण मला सांगा, त्या ढवळ्याला तो गुण कोणी दिला?"

"कोनी म्हंजे?"

"पवळ्याला ढवळ्याने दिला. ढवळ्याला?"

भैय्यालालने आयुष्यभर ती म्हण वापरली होती. त्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो तंबाखू मळत राहिला.

डॉक्टर उदेलालकडे वळले. "आम्ही शिकत होतो तेव्हा हे पुस्तकात नव्हतं. अलीकडे एका प्रशिक्षणात ऐकलं, तेव्हा मलाही चमत्कारिक वाटलं. एका डुकराचं अंग किती भरेल, खाल्लेल्यातलं किती अंगी लागेल, यात त्याच्या आईबापाचा वाटा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या खोलीतल्या सोबत्यांच्या आईबापाचाही वाटा असतो म्हणे. काही घराण्यांची पिल्लं अशी, की शेजाऱ्याला खाऊ देतात, खाल्लेलं पचू देतात. काही घराणी अशी, की स्वतः वाढतात आणि शेजाऱ्याचं खाणं भांडणात जाळतात. शेजाऱ्याला कसा गुण लावायचा, हासुद्धा रक्तातून येतो. त्यालाही वाण असतं. आपण एकेकट्याचं अंग पाहून नर धरला, की हे दिसतच नाही."

उदेलालला हे पटलं नाही. त्याचा सगळा जन्म त्याच्या आड येत होता. "डॉक्टरसाहेब, पंगत नीट बसवली त कोनीबी नीट जेवते."

"बसवली ना तुम्ही?"

"बसवली."

"पुन्हा पुन्हा बसवली?"

उदेलालने लांब केलेल्या गव्हाणीकडे आणि तिच्यातल्या आडव्या विटांकडे पाहिलं.

"बसवण्यानं फरक पडतो," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "पडला नसता तर एव्हाना तुमचा कोठा रिकामा झाला असता. पण बसवण्याच्या आधीही काही असतं, उदेलालभाऊ. ती डुकरं ओळीने उभी राहायची, त्यात तुमचा हात होता. भुरीचाही होता."

डॉक्टर गेले. उदेलाल बाजेवरच बसून राहिला. समोर कापणी झालेल्या कोरड्या बांध्या पसरल्या होत्या. त्याला बापाचं बोट दिसलं, वरच्या लोंबीकडे केलेलं. आणि मग त्याला तेही दिसलं, जे त्याने लहानपणी पाहिलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. जे धान सगळ्यांच्या वर डोकं काढतं, त्याच्या सावलीत बुडाशी चार झाडं फिकट उभी असतात. बापाने वरची लोंबी दाखवली होती. खाली वाकून पाहायला सांगितलं नव्हतं. राजाचं अंग राजाने एकट्याने कमावलं नव्हतं. भुरीच्या लेकरांनी त्याला ते वाढू दिलं होतं. आणि राजाच्या भोवती सगळे राजेच झाले, तेव्हा कोणीच राजा झाला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तो चिचगडकडे निघाला. तिरोडा, गोंदिया, देवरी, पुढे जंगलातून जाणारी काळीपिवळी जीप. मोहफुलं वेचून झालेली होती आणि झाडांना नवी तांबूस पालवी होती. निर्मलाबाईचं घर गावाच्या टोकाला. अंगणात कुडाच्या कुंपणाआड भुरी आडवी पडली होती. आता खरंच म्हातारी झालेली, पोटाशी अजून एक शेवटची वीण.

"भाऊ, वाट चुकली का?" निर्मलाबाई म्हणाली.

"चुकली होती," तो म्हणाला. "आता सापडून राहिली म्हनून आलो."

तिने पाणी दिलं. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. राजा, कान, शेपट्या, धनवंताबाईची अट. निर्मलाबाई ऐकत राहिली. तिने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "भुरीले मात्र मी देनार नाई. आता तिनं इथंच मरावं."

"तिले नाई मागत. तिच्या पोटचा एक नर दे."

"एकच? दोन न्या. तुमी मले तवा फुकट देली." ती उठली आणि कुंपणाशी गेली. भुरीच्या विणीतली पिल्लं आता दूध सोडून खायला लागलेली होती. त्यांच्यासोबत शेजारणीच्या डुकरिणीचीही काही पिल्लं फिरत. निर्मलाबाईने एका पाटीत कनकीची पेज ओतली. पिल्लं धावली. "तो पाहा, पाठीवर पट्टा आहे तो. ताजा आहे. तो घ्या."

उदेलाल कुंपणाशी उकिडवा बसला. पाहत राहिला. पेज संपली. निर्मलाबाईने कंटाळून पुन्हा थोडी ओतली. तो पुन्हा पाहत राहिला, थोडा बाजूला सरकून, मान वाकवून, जसा तो पंगतीच्या टोकाला उभा राहून पाहत असे.

"तो देऊन टाक," शेवटी त्याने बोट केलं.

एक साधं, राखेच्या रंगाचं पिल्लू होतं. कान आईसारखा पडका.

निर्मलाबाई हसायला लागली. "तो? त्याच्यात काय पाहिलं, भाऊ? एवढा बसून पाहत होते, आणि हा?"

"मी त्याले नाई पाहून राहिलो होतो," उदेलाल म्हणाला. "त्याच्या बाजूच्याले पाहून राहिलो होतो. दोन्ही वेळा तो कुठं उभा राहिला पाहा. ज्याच्या बाजूले तो गेला, त्यानं मान खाली घातली ते पाटी चाटूनच वर केली. शेजारनीचं ते काळं पिल्लू पट्टेवाल्याजवळ चारदा दचकलं. याच्याजवळ एकदाही नाई."

निर्मलाबाईचं हसणं थांबलं. तिने त्या पिल्लाला उचललं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग बांबूच्या टोपल्यात गवत घालून त्याला बसवलं, वरून जाळी बांधली आणि जीपपर्यंत पोचवायला आली. "आता तुमी खरंच डुकरं पाळून राहिले, भाऊ," ती म्हणाली.

राजाला उदेलालने विकलं. ते त्याला सोपं गेलं नाही. राजाचा दोष नव्हता, त्याला तसं निवडलं होतं. नवा नर वयात येईपर्यंत कोठा तसाच किंचाळत राहिला. ती मंडई त्या कल्ल्यातच गेली. पाहुण्यांनी विचारलं, "काय कापून राहिले का तिकडे?" आणि धनवंताबाई त्यांच्या ताटात वाढत राहिली. पडक्या कानाच्या नराला गाव हसलं. भैय्यालालने त्याचं नाव पाडलं, जावई. म्हणे, घरजावयाएवढा गरीब दुसरा कोण असतो.

थंडी सरता सरता जावयाची पिल्लं जन्मली. उदेलालने या वेळी भिंती सरकवल्या नाहीत, काही नवीन केलं नाही. फक्त रोज खाणं घालून गव्हाणीच्या टोकाशी उभा राहिला. चमत्कार झाला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पिल्लांचं अर्धं रक्त राजाच्या लेकींचं होतं. एका खोलीत एक असा निघाला की त्याने दोघांच्या शेपट्या खाल्ल्या, त्याला वेगळा काढावा लागला. पण बाकीच्या खोल्यांत हळूहळू ऐकू येईनासं झालं. पिल्लं मोठी नव्हती. कोणी पाहायला येईल अशी नव्हतीच. सगळी मात्र एकसारखी होती, रोवणी नीट झालेल्या बांधीसारखी. गव्हाणीबाहेरचा चिखल कोरडा राहू लागला. कोंड्याची पोती जास्त दिवस पुरू लागली. आणि उदेलाल ताटातला भात संपवून आणखी मागू लागला. धनवंताबाई हे पाही आणि काही बोलत नसे, कारण तिने दिलेली मुदत अजून संपली नव्हती.

२०१२ ची मंडई आली. सकाळपासून घरात पाहुणे. दुपारी बाया अंगणात बसल्या असताना एकीने सहज विचारलं, "काय वो धनवंता, डुकरं इकून टाकली का? आवाजच नाई."

धनवंताबाई उठली. पदर खोचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती शेताच्या कोपऱ्याकडे निघाली. उदेलाल तेव्हा दुपारचं खाणं ओतत होता. ती भिंतीशी उभी राहिली. आत सगळी माना खाली घालून खात होती, खांद्याला खांदा लावून. फक्त ओठांचा चपचप आवाज आणि मधूनच एखादा समाधानाचा हुंकार. उदेलालने तिला पाहिलं आणि गंज हातात धरूनच थांबला. त्याला वाटलं, आता ही निकाल देईल.

तिने एक खोली पाहिली, मग दुसरी पाहिली. तिसऱ्या खोलीत पिल्लं जरा दाटीने उभी होती. तिथे ती बराच वेळ थांबली.

"अजी," ती म्हणाली, "इथं खूप खेटून राहिले हे. ही बाजूची जागा रिकामीच पडून आहे. मंडई झाली की इथं एक नवी भिंत उभी करा. माती मी कालवून देतो."

आणि त्याच्या हातातला गंज घेऊन उरलेली पेज तिने स्वतः गव्हाणीत ओतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांना पोचेल अशी.